बिश्केकला एमबीबीएसला जायचंय? मराठवाड्यातल्या घरांतून सारखे विचारले जाणारे प्रश्न

नीटचा रिझल्ट लागला की आठ दिवसांत फोन सुरू होतात. लातूर, नांदेड, उदगीर, गंगाखेड, जिंतूर, कुठून कुठून. कधी लेकरू स्वतः बोलतं, बऱ्याचदा वडील बोलतात आणि लेकरू बाजूला बसून ऐकत असतं. मी परभणी जिल्ह्यातली, किर्गिझस्तानात बिश्केकला शिकले, एफएमजीई, म्हणजे बाहेरून डॉक्टर होऊन आलेल्यांना भारतात द्यावी लागणारी परीक्षा, काढली आणि आता इकडं मराठवाड्यातच सरकारी दवाखान्यात इंटर्नशिप करायलेय. प्रश्न तेच तेच असतात म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते. फी किती हे सगळेच विचारतात, पण तिथं रोज राहायचं कसं आणि पेशंटशी बोलायचं कोणत्या भाषेत हे फार कमी जण विचारतात, आणि खरं तर सहा वर्षं वाया गेली की कामी आली ते त्यावरच ठरतं.

नीटला कमी मार्क आले तरी बाहेर जाता येतं ना?

कमी चालतात, पण क्वालिफाय व्हावंच लागतं. २०१८ पासून तसा नियम आहे. बारावीला फिजिक्स केमिस्ट्री बायोलॉजीला ओपनसाठी ५० टक्के, आरक्षणातल्यांसाठी ४० टक्के पण पाहिजेत. "नीट क्वालिफाय नसलं तरी आम्ही करून देतो" असं कुणी म्हणलं तर तिथूनच उठून या, कारण तो तुम्हाला तिकडच्या कॉलेजात बसवून देईलही, पण परत आल्यावर एफएमजीईचा फॉर्मच भरता येणार नाही.

कन्सल्टन्सीच्या बोर्डावर "एनएमसी अप्रूव्हड कॉलेज" लिहिलेलं असतं, मग काय टेन्शन?

एनएमसी, म्हणजे आपल्याकडचं मेडिकल शिक्षण बघणारा राष्ट्रीय आयोग, बाहेरच्या कॉलेजांची अप्रूव्हड यादी काढतच नाही. त्यांनी फक्त नियम ठरवून दिलेत आणि तुमचं कॉलेज त्यात बसतंय का ते तुम्हीच बघायचं. नियम १८ नोव्हेंबर २०२१ चे आहेत. कोर्स किमान ५४ महिन्यांचा पाहिजे, पूर्ण इंग्रजीतून पाहिजे, वर १२ महिन्यांची इंटर्नशिप तिथंच झाली पाहिजे, आणि त्या डिग्रीवर त्या देशात डॉक्टरकी करायचं लायसन्स मिळत असलं पाहिजे. परत येऊन इथं पुन्हा १२ महिने इंटर्नशिप आहेच. आणि हे सगळं जॉइन झाल्यापासून १० वर्षांत संपलं पाहिजे.

त्यामुळं एजंटला "अप्रूव्हड आहे का" विचारूच नका, तो हो म्हणणारच. त्याला विचारा की ५४ महिने कागदावर कुठं लिहिलेत ते दाखवा, इंटर्नशिप कोणत्या दवाखान्यात होते, त्यात बेड किती आहेत, आणि मागच्या दोन बॅचमधल्या आपल्या भागातल्या पोरांचे नंबर द्या. नंबर द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून अ‍ॅडमिशन घेऊ नका.

कॉलेज आवडलं नाही तर दुसऱ्या वर्षी बदलता येतं का?

नाही. पूर्ण कोर्स एकाच संस्थेत झाला पाहिजे असाच नियम आहे. २०२२ ला युक्रेनमधून ऑपरेशन गंगात, म्हणजे सरकारनं विमानं पाठवून, जी लेकरं परत आली त्यांच्यासाठी वेगळी सूट काढली होती, पण ती युद्धामुळं, ती सगळ्यांना लागू नाही. म्हणून जे बघायचं ते जायच्या आधी बघा.

एकूण खर्च किती धरायचा? दोन एकर विकून होईल का?

हा प्रश्न वडील लोक विचारतात आणि आवाज एकदम खाली करून विचारतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

फी कॉलेजप्रमाणे बदलते, पण ती डॉलरमधे असते हे आधी ध्यानात घ्या. एजंट आजचा भाव धरून सहा वर्षांचा हिशोब कागदावर मांडून देतो. २०२० मधे डॉलर ७५ रुपयांच्या आसपास होता आणि २०२५ संपता संपता तो ९० ला जाऊन टेकला. म्हणजे ४,००० डॉलर फी आधी ३ लाखात बसत होती ती ३ लाख ६० हजारावर गेली, कॉलेजनं एक पैसा वाढवलेला नसताना. त्यामुळं शेवटच्या दोन वर्षांसाठी हिशोबापेक्षा पाव हिस्सा जास्तीचा धरून चला. तिथला रोजचा खर्च मात्र लगेच समजतो, किर्गिझ सोम आणि आपला रुपया जवळपास सारखाच आहे, भाजीवाल्यानं ८० सोम म्हणलं की ८० रुपयेच समजायचं.

आता कर्ज. सरकारी बँका साडेसात लाखांपर्यंतच्या एज्युकेशन लोनला तारण मागत नाहीत, त्याच्या वर गेलं की मागतात, आणि तिथंच आपल्याकडच्यांची अडचण होते. आपल्याकडं जे आहे ते रान. शेतजमिनीवर सरफेसी कायद्यानं, म्हणजे बँकांच्या कर्जवसुलीच्या कायद्यानं, बँकेला जप्ती करता येत नाही, म्हणून बँका शेती तारण घ्यायला बघत नाहीत, त्यांना एनए प्लॉट, गावठाणाबाहेरचं पक्कं घर किंवा एफडी पाहिजे असते. मग माणूस सावकाराकडं वळतो किंवा रान काढतो. मी कुणाला जमीन विकू नका असं सांगायची नाही, तो घराचा निर्णय आहे, पण सावकाराच्या व्याजानं सहा वर्षांचं शिक्षण अजिबात करू नका. यात कमाई लांब आहे. सहा वर्षं तिथं, मग एफएमजीई, मग एक वर्ष इंटर्नशिप, म्हणजे अठराव्या वर्षी गेलेलं लेकरू सगळं वेळेवर झालं तरी सव्वीस होईपर्यंत घरात पैसा आणत नाही. बँकेचा हप्तासुद्धा कोर्स संपल्यावर साधारण वर्षभरात सुरू होतो, म्हणजे इंटर्नशिप चालू असतानाच. तो हप्ता कोण भरणार हे जायच्या आधी घरात बसून ठरवा.

आणि समाजकल्याण, सारथी यांच्या परदेश शिष्यवृत्त्यांचं विचारतात त्यांना सांगते, त्यात रँकिंगवाल्या विद्यापीठाची अट असते आणि भर पदवीनंतरच्या शिक्षणावर असतो, बिश्केकच्या एमबीबीएसचं गणित त्यावर मांडू नका.

पैसे एजंटकडं द्यायचे का कॉलेजकडं?

फी कॉलेजच्या खात्यावर, कॉलेजच्या इनव्हॉइसवर, बँकेतून. एजंटला त्याची सर्व्हिस फी द्या आणि तिचीपण पावती घ्या. पोराजवळ जाताना थोडे डॉलर द्यावे लागतात, त्या नोटा कोऱ्या बघून घ्या, घडी पडलेली, पेननं लिहिलेली किंवा जुन्या छपाईची नोट तिकडचा मनी चेंजर एकतर परत करतो नाहीतर कमी भावानं घेतो.

शिक्षण इंग्रजीतून आहे ना, मग रशियन कशाला शिकायचं?

लेक्चर इंग्रजीतून असतं. पेशंट इंग्रजीतून नसतो. माझं सगळ्यात जास्त सांगणं हेच आहे.

तिसऱ्या वर्षापासून दवाखान्यात जायला लागता. शहरातली माणसं रशियन बोलतात, खेड्यातून आलेली म्हातारी माणसं किर्गिझ. आमच्या ग्रुपमधल्या एकाला मॅडमनी एका आजीची हिस्टरी घ्यायला पाठवलं. त्याला "ग्दे बलीत", म्हणजे कुठं दुखतंय, एवढंच येत होतं. आजीनं गुडघा दाखवला आणि पुढं चांगलं पाच मिनिटं बोलत राहिली, हातवारे करून, कपाळाला हात लावून, आणि हा मान हलवत राहिला. याच्या वहीत आलं "गुडघेदुखी". मग मॅडमनी तेच पुन्हा विचारलं तेव्हा कळलं की आजीला महिनाभर रोज संध्याकाळी ताप चढतोय, रात्री घामानं कपडे ओले होतायत, घरी मेंढ्या आहेत आणि कच्चं दूध पिण्यात आहे. ब्रुसेलोसिस, म्हणजे जनावरांपासून, कच्च्या दुधातून माणसाला होणारा आजार. तिथं हा आजार भरपूर आहे, पुस्तकात शोभेल अशी केस समोर बसून बोलत होती आणि भाषा नसल्यानं ती त्याच्या हातात आलीच नाही.

ज्यांना भाषा येत नाही ते वॉर्डात भिंतीला टेकून मोबाईल बघत उभे राहतात, सर लोकपण मग त्यांच्याकडं लक्ष देणं सोडतात, त्यांना हजेरी मिळते आणि दिवस जातो. असे तीन वर्षं गेले की डिग्री असती पण हाताला पेशंट लागलेला नसतो. आणि ज्याला भाषा येते त्याला नर्सबाई स्वतः बोलावून टाका घालताना दाखवतात, रात्रीच्या ड्युटीला थांबू देतात.

करायचं काय तर अक्षरं ३३ आहेत, ती घरी बसून पंधरा दिवसांत होतात, विमानात बसायच्या आधी वाचता आली पाहिजेत. पहिल्या दोन वर्षांत कॉलेजात रशियनचे तास असतात, पोरं ते पास होण्यापुरतेच करतात, तुम्ही तसं करू नका. भाजी बाजारात घ्या, मॉलमधे नको, कारण मॉलमधे बोलावं लागत नाही. मार्श्रुत्का म्हणजे तिथली छोटी बस, तिच्यात ड्रायव्हरला थांबा सांगा. आणि थोडं किर्गिझ शिका, म्हाताऱ्या बाईला "आपा" म्हणून हाक मारली, मोठ्या बाईला "एजे", मोठ्या माणसाला "बायके", की ती माणसं लगेच मोकळी होतात, आपल्याकडं मावशी-काका म्हणल्यावर होतात तशीच.

कॉलेजचा दिवस कसा असतो?

पांढरा खलात म्हणजे अ‍ॅप्रन आणि टोपी, दोन्ही नसलं तर वर्गात घेत नाहीत. दवाखान्यात बुटावर प्लास्टिकचं कव्हर. ग्रुप छोटे असतात, दहा-बारा जणांचे, त्यामुळं मागच्या बाकावर लपायची सोय नाही, रोज तोंडी विचारतात. तास बुडवला तर "अत्राबोत्का" करावी लागते, म्हणजे तो विषय वेगळ्या वेळेला जाऊन सरांसमोर पुन्हा द्यायचा, सर सापडेपर्यंत त्यांच्या मागं फिरायचं. हे साठत गेलं की परीक्षेला बसू देत नाहीत. मार्क पाचपैकी असतात, ५ चांगले, ३ म्हणजे कसाबसा पास, २ म्हणजे गेला. रट्टा मारायची सवय असलेल्या आपल्याकडच्या पोरांना सुरुवातीला तोंडी परीक्षा जड जाते, नंतर बरी वाटते.

व्हिसा वाढवायला पासपोर्ट कॉलेजात जमा करावा लागतो. द्यायच्या आधी सगळ्या पानांचे फोटो काढून एक प्रत मोबाईलमधे, एक घरी आईवडिलांकडं आणि एक कागद खिशात. रस्त्यावर पोलिसांनी विचारलं तर तोच कागद दाखवायचा.

जेवणाचं काय? आमचं लेकरू भाकरीशिवाय राहत नाही.

राहतं. पहिले दोन महिने रडतं मग राहतं.

इंडियन मेस आहेत, वरण-भात-पोळी-भाजी मिळते, चव उत्तरेकडची. बरीच पोरं दुसऱ्या सेमिस्टरपासून स्वतः करून खातात कारण ते स्वस्त पडतं आणि पोटाला बरं. हॉस्टेलच्या मजल्यावर एक किचन असतं, विजेच्या शेगड्या, संध्याकाळी सात वाजता तिथं रांग लागते म्हणून आमच्यातल्या हुशार पोरी पाचलाच कुकर लावून मोकळ्या व्हायच्या. गव्हाचं पीठ, तांदूळ, बटाटा, कोबी, गाजर, कांदा सगळं मिळतं. कोथिंबीर पण मिळते, ओश बाजारात "किंझा" म्हणून मागायची. उन्हाळ्यात सफरचंद, जर्दाळू, चेरी स्वस्त आणि इतके ताजे की इकडं आल्यावर फळ घ्यायला मन होत नाही. हिवाळ्यात हिरवी भाजी महाग होते.

ज्वारी नाही मिळत. पीठ नेलं तर महिना-दीड महिन्यात कडू होतं, त्यापेक्षा ज्वारी धान्य म्हणून दोन किलो न्या आणि मिक्सरला काढा. विजेच्या शेगडीवर भाकरी फुगत नाही, तवा जाड घ्या आणि भाकरी पातळ न थापता जराशी जाड ठेवा, दुसरी बाजू तव्यावरच कपड्यानं दाबून शेका, खाण्याजोगी होते. येसर आणि काळा मसाला मात्र भरपूर न्या. एका चमच्यावर पूर्ण मजल्याला वास जातो आणि मराठवाड्याचं जे कुणी असंल ते ताट घेऊन येतंच.

मांसाहार करणाऱ्यांना अडचण नाही, सामसा, लगमान, पलोव सगळं छान असतं. घोड्याचं मांस तिथं नेहमीच्या खाण्यातलं आहे, ज्याला चालत नाही त्यानं घ्यायच्या आधी विचारावं. तिथल्या लोकांच्या खाण्याला नावं ठेवू नका, त्यांच्या घरात पाहुणा म्हणून बोलावलं तर ताटभर वाढतात आणि उठू देत नाहीत.

थंडी सहन होईल का?

थंडी होते सहन. खोलीत नोव्हेंबर ते मार्च हीटर चालू असतात, आत टी-शर्टवर बसता येतं. बाहेर जानेवारीत रात्री उणे १० ते १५ पर्यंत जातं. जाड जॅकेट इकडून नेऊ नका, आपल्याकडं मिळतं ते तिथल्या थंडीचं नसतं आणि विमानात वजन खातं, दोर्दोय बाजारात कंटेनरच्या दुकानांत चांगलं आणि स्वस्त मिळतं. इकडून थर्मल दोन जोड घेऊन जा बस्स. बर्फ पडतो त्या दिवशी कुणी पडत नाही, दुसऱ्या दिवशी तो गोठून काच झालेला असतो तेव्हा पडतात, म्हणून बूट घेताना खालचा तळ बघून घ्या.

मला थंडीपेक्षा धुराचा त्रास जास्त वाटला. हिवाळ्यात घरोघर दगडी कोळसा जाळतात, शहर डोंगराच्या पायथ्याला, हवा हलत नाही, आणि कित्येक दिवस बिश्केक जगातल्या सगळ्यात खराब हवेच्या शहरांत असतं. दमा असलेल्या लेकराच्या आईवडिलांनी याचा खरंच विचार करावा, इनहेलर आणि डॉक्टरची चिठ्ठी सोबत द्यावी.

२०२४ ला तिथं पोरांना मारलं म्हणतात. मुलीला पाठवावं का?

१७ आणि १८ मे २०२४ च्या रात्री बिश्केकमधे जमावानं परदेशी विद्यार्थ्यांच्या हॉस्टेलांवर हल्ले केले हे खरं आहे. आधी एका हॉस्टेलमधे स्थानिक आणि परदेशी पोरांची मारामारी झाली होती, तिचा व्हिडिओ पसरला आणि मग ते पेटलं. भारतीय दूतावासानं घरातच थांबा म्हणून सांगितलं, चोवीस तासांचा नंबर दिला. आम्ही लाईट बंद करून, दाराला पलंग लावून बसलो होतो. त्याच वेळी आमच्या हॉस्टेलच्या वॉचमन बाई, साठीच्या पुढच्या, खाली गेटला आतून कुलूप लावून रात्रभर खुर्ची टाकून बसल्या होत्या. नंतर काही दिवस क्लास ऑनलाइन झाले, बरीच पोरं घरी गेली, मग हळूहळू सगळं पूर्ववत झालं.

मुलीला पाठवावं का, तर एरवी दिवसा बिश्केकमधे बायका सगळीकडं काम करताना दिसतात, दुकानात, बसमधे, दवाखान्यात तर डॉक्टर बहुतेक बायकाच. मला तिथं दिवसा कधी भीती वाटली नाही. रात्री एकटं बाहेर नाही, दारू प्यालेल्या टोळक्याजवळून जायचं नाही, रस्त्यावर घोळक्यानं मोठ्यानं बोलायचं नाही, हे मुलांनीपण पाळायचं. पहिली दोन वर्षं तरी फ्लॅट न घेता कॉलेजच्या हॉस्टेललाच राहावं. पोचल्याबरोबर दूतावासात नाव नोंदवावं आणि तो नंबर पाठ असावा.

सोबत पार्टटाइम काम करून खर्च निघंल का?

नाही. व्हिसा शिकायचा आहे, कामाचा नाही, आणि मेडिकलला वेळही नाही. कुणी जर्मनी-ऑस्ट्रेलियाचं उदाहरण देईल, तिथले नियम वेगळे, तिथं विद्यार्थ्याला काम करायची ठरलेली मुभा असते. बिश्केकचा पूर्ण खर्च घरूनच जाणार असं धरा.

लेकरू फोनवर नीट बोलत नाही, काय झालं असंल?

वेळेचा फरक फक्त अर्ध्या तासाचा आहे, तिकडं अर्धा तास पुढं, त्यामुळं फोन कधीही करता येतो, आणि त्याचाच कधी कधी त्रास होतो. रोज "अभ्यास झाला का, किती मार्क पडले" विचारलं की पोरगं दोन शब्दांत बोलून ठेवून देतं. पहिल्या हिवाळ्यात, लवकर अंधार पडायला लागला की बऱ्याच जणांचं मन उडतं. त्यात घरी जमीन विकून पाठवलंय हे डोक्यात असतं म्हणून नापास झालेलं सांगत नाहीत. आमच्या मजल्यावर एकानं दोन विषय राहिलेले घरी वर्षभर सांगितले नव्हते, कळलं तेव्हा वडील म्हणाले, अरे आधी सांगायचं ना, आणि तो तिथंच फोन धरून रडला.

आईवडिलांनो, जाताना लेकराला एकदा स्पष्ट सांगा की नापास झालास तर पहिला फोन आम्हाला कर. आणि फोनवर जेवलास का, कुणासोबत जेवलास हे विचारा, उत्तरात एकटाच जेवलो असं सारखं यायला लागलं तर लक्ष द्या. गणपती, १९ फेब्रुवारीची शिवजयंती, १४ एप्रिल, हे मराठी पोरं मिळून करतात, तिथं त्याला जायला लावा.

परत आल्यावरची परीक्षा खरंच एवढी अवघड आहे का?

एफएमजीई वर्षातून दोनदा असते, जून आणि डिसेंबर. ३०० प्रश्न, पासला १५०, निगेटिव्ह मार्किंग नाही. ऐकायला सोपं वाटतं. २०२५ च्या जून सत्राला बसलेल्या पाचातला एकपण पूर्ण पास होत नाही एवढा निकाल लागला, वीस टक्क्यांच्या आत.

पोरं वाईट आहेत म्हणून असं होत नाही. परीक्षा भारताची आहे आणि शिक्षण तिकडचं. पीएसएम म्हणजे सार्वजनिक आरोग्याच्या विषयात आपले राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रम, लसीकरणाचं वेळापत्रक, आशा-एएनएमची कामं विचारतात, फॉरेन्सिकला आपले कायदे. तिकडं हे कोण शिकवणार? तिथं ब्रुसेलोसिस आणि हायडॅटिड सिस्ट (जंतामुळं शरीरात होणाऱ्या पाण्याच्या गाठी) भरपूर बघायला मिळतं, पण मलेरिया, डेंग्यू, साप चावलेला, फवारणीचं औषध पोटात गेलेला पेशंट नाही दिसत. आणि मराठवाड्यात पावसाळा सुरू झाला की कॅज्युअल्टीत रात्री तेच येतात. घोणस चावली की रक्त गोठायचं थांबतं, मण्यार चावली की दुखतसुद्धा नाही आणि पहाटे पापण्या पडायला लागतात, हे मी इथं आल्यावर पाहिलं.

म्हणून तिसऱ्या वर्षापासून भारतातली पुस्तकं सोबत ठेवा आणि जो विषय तिकडं चालू असंल तो त्याच वेळी भारताच्या पद्धतीनं पण करा. सुट्टीत घरी आलात की जवळच्या ग्रामीण रुग्णालयात ओळखीनं, परवानगी घेऊन, बसत जा. शेवटच्या वर्षी क्लास लावून सगळं होईल या भरवशावर राहणारे बहुतेक पहिल्या प्रयत्नात अडकतात. पास झालं की महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडून प्रोव्हिजनल रजिस्ट्रेशन, मग इंटर्नशिप, मग पक्कं.

मुलीचं लग्नाचं वय निघून जाईल हो.

सव्वीसपर्यंत शिक्षण आहे, ते इथं सरकारी कॉलेजला नंबर लागला असता तरी पीजी धरून तेवढंच झालं असतं. ज्यांना मधेच लग्न करायचंय त्यांनी तिला पाठवूच नका, चौथ्या वर्षी परत बोलावलेली मुलगी मी पाहिलीय, तिचे पैसेपण गेले आणि डिग्रीपण.

बॅगेत काय टाकायचं?

कुकर ३ लिटरचा, जाड तवा, छोटं मिक्सर, तूरडाळ, येसर, काळा मसाला, शेंगदाण्याची आणि कारळाची चटणी, हळद. ताप-जुलाबाची नेहमीची औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीसकट. चष्मा असंल तर दोन. पासपोर्ट साइज फोटो भरपूर, तिकडं प्रत्येक कागदाला मागतात. दहावी-बारावीच्या मूळ मार्कमेमो आणि नीटचं स्कोअरकार्ड हातातल्या बॅगेत, चेक-इनच्या बॅगेत नाही. आणि सुई-दोरा, कारण तिथं खलातचं बटन पहिल्याच आठवड्यात तुटतं.